हात कोणाचा मळका? अजिंठ्याच्या टाक्यापासून गडचिरोलीच्या झोपडीपर्यंत : हात धुण्याचा इतिहास

#इतिहासधागा

१/ अजिंठ्याची लेणी पाहायला जाणारा प्रवासी फर्दापूरच्या तिठ्यावर उतरतो. आपले वाहन तेथेच ठेवून तो एसटीच्या बसने सुमारे चार किलोमीटर आत, वाघोरा नदीच्या नालाकृती दरीत शिरतो. पुढचे दोन-तीन तास त्याची नजर भिंतींवरील चित्रांवर खिळलेली असते. शेकडो भिक्षू येथे राहत होते, जेवत होते, आजारी पडत होते. त्यांच्या पाण्याची सोय काय होती, हा प्रश्न मात्र फारसा कोणाला पडत नाही. आजचा धागा त्या पाण्यापासून सुरू होतो.

२/ विषय अगदी साधा आहे : हात धुणे. मित्रहो, 'हात धुण्यालाही इतिहास असतो का?' असे कोणी विचारील. असतो, आणि तो केवळ पाण्याचा व साबणाचा इतिहास नाही. कोणाचा हात स्वच्छ मानायचा आणि कोणाचा मळका, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे होता, याचा तो इतिहास आहे. या एका प्रश्नावर हजारो बाळंतिणींचे प्राण अवलंबून होते, आणि लाखो माणसांचा मानही.

३/ अजिंठ्याची लेणी दोन काळांत कोरली गेली. पहिला काळ इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकापासूनचा, दुसरा पाचव्या शतकातील वाकाटक नृपती हरिषेणाच्या राजवटीचा. लेण्यांतून खाली नदीकडे जाणारे जिने होते, आणि कातळात पाण्याची टाकीही खोदलेली होती. १७ व्या लेण्यातील शिलालेखात दात्याने विहाराबरोबर पाण्याचे टाके खोदविल्याचा अभिमानाने उल्लेख आहे. त्या पाण्याच्या गोडीची व नितळपणाचीही त्यात स्तुती आहे. चित्रांइतकेच पाणीही दानाचा विषय होते.

४/ एवढे लोक एकत्र राहायचे तर स्वच्छतेची शिस्त हवीच. बौद्ध भिक्षूंच्या आचारनियमांत, म्हणजे विनयात, एक नियम आहे : अन्न लागलेल्या हाताने पिण्याच्या पाण्याचे भांडे धरू नये. मराठी घरात वाढलेल्याला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. 'खरकट्या हाताने तांब्या धरू नकोस' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. सर्वांच्या पाण्याचे भांडे एकाच्या हाताने दूषित होऊ नये, ही सामूहिक जीवनाची जाणीव दोन्हींत सारखीच आहे.

५/ सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला. येथील राज्याच्या पूर्व सीमेवर, एका काळोख्या दरीत डोंगर कोरून केलेल्या विहाराचे त्याने वर्णन केले आहे. अभ्यासक ते अजिंठ्याचेच मानतात. भारतीय लोकांविषयी लिहिताना तो सांगतो की, हे लोक कोणाच्या सक्तीने नव्हे, तर आपणहून स्वच्छ राहतात, जेवणापूर्वी धुतल्याखेरीज राहत नाहीत, उरलेले अन्न पुन्हा वाढत नाहीत आणि शौचानंतर धुतात. परक्या माणसाच्या डोळ्यांत भरावी इतकी ही सवय रुजलेली होती.

६/ त्याच शतकाच्या उत्तरार्धात इत्सिंग हा दुसरा चिनी भिक्षू भारतात आला. त्याची नोंद अधिक बारकाईची आहे. येथील भिक्षू पाण्याची दोन वेगळी भांडी बाळगतात : पिण्याच्या शुद्ध पाण्यासाठी मातीचे, आणि शौचानंतर धुण्यासाठी तांब्याचे वा लोखंडाचे. जेवणानंतर हात-तोंड धुताना डाळीचे पीठ किंवा ओली माती लावून, तेलकटपणा जाईपर्यंत ओठ स्वच्छ करावेत, असे तो लिहितो. साबण नसलेल्या काळात चिकटपणा काढण्याची ही व्यवहारी युक्ती होती.

७/ मराठी भाषेनेही ही सवय जपून ठेवली आहे. जेवणानंतर हात-तोंड धुण्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र क्रियापद आहे : आंचवणे. ते 'आचमना'च्या कुळातले. पंगतीत पाहुण्याचे हात धुण्यासाठी जे भांडे पुढे येई ते तस्त. हा शब्द फारसीतून आला. फर्दापुरातील मुघलकालीन सराईत उतरणाऱ्या मुसलमान प्रवाशाच्या वुजूची सुरुवातही मनगटापर्यंत हात तीन वेळा धुण्याने होई. धर्म वेगळे, भांडी वेगळी, पण जेवणापूर्वी वा प्रार्थनेपूर्वी हातावर पाणी घेण्याची रीत सर्वांची.

८/ वैद्यकातही हाताचा विचार होता. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात प्रसूतीच्या वेळी जवळ असणाऱ्या स्त्रिया कशा असाव्यात, हे सांगितले आहे. त्या विश्वासू, प्रौढ वयाच्या व प्रसूतिकर्मात कुशल असाव्यात, आणि त्यांनी नखे कापलेली असावीत. शेवटची अट कोणत्या अनुभवातून आली असेल, याची कल्पना करता येते. जंतू कोणी पाहिले नव्हते, पण नखे वाढलेला हात बाळंतिणीला घातक ठरू शकतो, एवढे कोणीतरी नीट पाहिले होते.

९/ येथपर्यंतची गोष्ट गौरवाची आहे. समाजमाध्यमांवरचे बहुतेक संदेश येथेच थांबतात आणि 'आपल्याला सारे आधीच ठाऊक होते' असा निष्कर्ष काढतात. इतिहासाच्या अभ्यासकाला येथे थांबता येत नाही. याच परंपरेत हात धुण्याचे दुसरेही एक गणित होते, आणि त्याचा घाणीशी संबंध हळूहळू सुटत गेला.

१०/ मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शौचानंतर माती लावून धुण्याची संख्या दिली आहे : डाव्या हाताला दहा वेळा, दोन्ही हातांना मिळून सात वेळा. लगेच पुढे म्हटले आहे की, हे प्रमाण गृहस्थाचे. ब्रह्मचाऱ्याने दुप्पट, वानप्रस्थाने तिप्पट आणि संन्याशाने चौपट धुवावे. घाण तर सर्वांच्या हाताला सारखीच लागते. मग संख्या का बदलते? कारण येथे मोजमाप मळाचे नाही, धुणाऱ्याच्या पदाचे आहे.

११/ शुद्धी आणि स्वच्छता यांतील फरक तो हाच. स्वच्छतेचा प्रश्न असतो : या हाताला काय लागले आहे? शुद्धीचा प्रश्न असतो : हा हात कोणाचा आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाण्याने बदलते, दुसऱ्याचे बदलत नाही. सोवळ्या-ओवळ्याच्या व्यवहारात दोन्ही प्रश्न इतके मिसळले की, मळलेला 'उच्च' हात शुद्ध आणि घासून धुतलेला 'नीच' हात अशुद्ध ठरू लागला. त्याची किंमत कोणी मोजली, ते पुढे पाहू. तत्पूर्वी युरोपात डोकावणे आवश्यक आहे, कारण हीच चूक तेथील विद्वानांनी वेगळ्या वेशात केली.

१२/ स्थळ : व्हिएन्नाचे सार्वजनिक रुग्णालय. काळ : १८४६. तेथे प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर व वैद्यकीय विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या विभागात सुमारे ११.४ टक्के बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात २.८ टक्के. रुग्णालय एकच, शहर एकच, हवा एकच. हा फरक शहरातील गरीब स्त्रियांनाही ठाऊक होता. पहिल्या विभागात आपली भरती होऊ नये म्हणून त्या गयावया करीत.

१३/ तेथील साहाय्यक डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस याला हा फरक स्वस्थ बसू देईना. गर्दी, हवामान, प्रसूतीच्या वेळची शरीराची स्थिती, एवढेच काय, मरणासन्न रुग्णाकडे जाणाऱ्या धर्मगुरूच्या घंटेचा धसका, अशी एकेक शक्यता त्याने तपासून बाद केली. मार्च १८४७ मध्ये त्याचा सहकारी कोलेत्श्का मरण पावला. शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याच्या हातातील चाकूने त्याच्या बोटाला जखम झाली होती. त्याच्या आजाराची लक्षणे बाळंतज्वरासारखीच होती.

१४/ कोडे उलगडले. डॉक्टर व विद्यार्थी सकाळी शवविच्छेदन करीत आणि त्याच हातांनी प्रसूतिविभागात येत. सुईणी शवांना हात लावत नसत. मे १८४७ मध्ये सेमेलवाइसने नियम केला की, स्त्रीला तपासण्यापूर्वी क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणात हात धुवायचे. एप्रिलमध्ये पहिल्या विभागातील मृत्यूचे प्रमाण १८ टक्क्यांवर होते, जूनमध्ये ते सुमारे २ टक्क्यांवर आले. १८४८ या संपूर्ण वर्षात ३,५५६ प्रसूतींमध्ये ४५ मृत्यू झाले, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास.

१५/ यानंतर त्याचा जयजयकार झाला असेल, असे वाटते. तसे घडले नाही. १८४९ मध्ये त्याची नेमणूक पुढे चालू ठेवली गेली नाही आणि तो मायदेशी हंगेरीत परतला. आपला सविस्तर ग्रंथ त्याने १८६१ मध्ये, म्हणजे चौदा वर्षांनी, प्रसिद्ध केला. विलंबाचा काही दोष त्याच्याकडेही जातो, आणि विरोधकांना लिहिलेल्या त्याच्या जळजळीत पत्रांनी मने वळण्याऐवजी दुखावली. १८६५ मध्ये त्याला मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. तेथे दोन आठवड्यांतच, जखमेतून पसरलेल्या संसर्गाने, वयाच्या ४७ व्या वर्षी तो मरण पावला.

१६/ विरोधाचे कारण केवळ शास्त्रीय नव्हते. सेमेलवाइसचे म्हणणे स्वीकारायचे तर प्रत्येक नामांकित डॉक्टरला मान्य करावे लागले असते की, 'माझ्याच हाताने माझे रुग्ण मेले.' अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८४३ मध्येच, बाळंतज्वर डॉक्टरांमार्फत पसरतो, असे लिहिले होते. फिलाडेल्फियाचे प्रसिद्ध प्रसूतितज्ज्ञ चार्ल्स मेग्ज यांनी त्यांचा कडाडून प्रतिवाद केला. सभ्य, प्रतिष्ठित डॉक्टरच्या हाताला दोष देणे त्यांना अपमानास्पद वाटले. आठवले ना मनूचे गणित? येथेही हाताची स्वच्छता पदावरून ठरत होती.

१७/ सेमेलवाइस ज्या वर्षी गेला त्याच १८६५ साली, ३१ मार्चला, आनंदीबाई जोशी यांचा जन्म झाला. त्यांचे पहिले मूल अवघे दहा दिवस जगले, आणि त्या दुःखातून त्यांनी डॉक्टर होण्याचा निर्धार केला. मेग्ज यांच्याच फिलाडेल्फियात, स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या १८८६ मध्ये पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. तोवर काळ बदलला होता. लिस्टरने १८६७ मध्ये जंतुविरोधी शस्त्रक्रियेची पद्धत मांडली होती, आणि पाश्चरने १८७९ मध्ये बाळंतज्वराचे जंतू दाखवून दिले होते. हाताला काय लागते, हे आता सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागले होते.

१८/ याच सुमारास भारताच्या बाजारात कारखान्यातला साबण आला. त्याआधी हातासाठी राख वा माती आणि केसांसाठी रिठा-शिकेकाई, हीच साधने होती. विलायती साबणात प्राण्यांची चरबी असते म्हणून अनेकांना तो निषिद्ध वाटे. मुंबईच्या गोदरेजांनी १९१८ च्या सुमारास वनस्पती तेलापासून साबण काढला आणि ती अडचण दूर केली. साबण घरात आला, जंतूंचे ज्ञान शाळेच्या पुस्तकात आले. तरीही एक हात असा होता की, तो कितीही धुतला तरी समाजाच्या लेखी मळकाच राहत होता.

१९/ महाडचे चवदार तळे. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये ठराव करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले, आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळेही खुले केले. प्रत्यक्षात त्या पाण्याला हात लावण्याची कोणाची छाती होईना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह तळ्यावर जाऊन ओंजळीने पाणी प्यायले. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले, आणि शेण, गोमूत्र, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. पिण्याच्या पाण्यात शेण कालवणे म्हणजे शुद्धी : शुद्धी आणि स्वच्छता यांची फारकत याहून स्पष्ट कोठे दिसणार? मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी, दहा वर्षांनी.

२०/ दुसरा प्रसंग फर्दापूरच्याच जिल्ह्यातला आहे. बाबासाहेबांनी तो 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात नोंदवला आहे. १९३४ साली ते सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाच्या धुळीने सर्वजण माखले होते. किल्ल्याच्या दाराशी पाण्याने भरलेले छोटे टाके होते. मंडळींतील काहींनी त्या पाण्याने तोंड व पाय धुतले. इतक्यात एक वृद्ध मुसलमान गृहस्थ, अस्पृश्यांनी आमचे टाके बाटवले, असे ओरडत धावत आला. पाहता पाहता जमाव जमला आणि शिवीगाळ सुरू झाली.

२१/ एखादा अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तर त्याला हे पाणी घेऊ द्याल की नाही, असा सवाल बाबासाहेबांनी केला तेव्हा जमाव गप्प झाला. किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली, पण आत कोठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. नजर ठेवायला सशस्त्र शिपाई बरोबर दिला गेला. शिवाशिवीचा रोग एका धर्माच्या कुंपणात राहिला नव्हता, हे सांगण्यासाठीच त्यांनी हा प्रसंग लिहून ठेवला. अंगावरची धूळ धुणे, ही माणसाची सर्वांत निरुपद्रवी कृती, आणि तीच येथे गुन्हा ठरली.

२२/ आता व्हिएन्ना आणि दौलताबाद शेजारी ठेवून पाहा. व्हिएन्नात शवाचा अंश लागलेला हात डॉक्टरचा म्हणून स्वच्छ मानला गेला. दौलताबादेत धुतला जाणारा देह अस्पृश्याचा म्हणून मळका मानला गेला. दोन्हीकडे हाताकडे कोणी पाहिलेच नाही, पाहिले ते फक्त हात कोणाचा आहे हे. जंतूंच्या शोधाचे सामाजिक मोलही येथेच आहे. जंतूला जात, पदवी व धर्म कळत नाही, आणि साबणालाही नाही.

२३/ हा धडा महाराष्ट्रातच एका वेगळ्या ठिकाणी गिरवला गेला. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांतील स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून प्रशिक्षण दिले. बाळाला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुणे, बाळाला ऊब देणे, स्तनपानास मदत करणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, हे सारे त्या झोपडीत जाऊन करीत. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष आले : तुलनेच्या गावांपेक्षा नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. हे श्रेय एकट्या साबणाचे नाही, पण त्याच्याशिवायही हे झाले नसते. व्हिएन्नात विद्वानाच्या न धुतलेल्या हाताने जे गमावले, ते येथे अल्पशिक्षित स्त्रीच्या धुतलेल्या हाताने परत मिळवले.

२४/ थोडे शास्त्र. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलकटपणाला. चोळल्याने मळ व जंतू त्वचेपासून सुटतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. कोरोनासारख्या विषाणूंचे बाह्य आवरणच स्निग्ध असते, ते साबणाने फुटते. म्हणून किमान २० सेकंद चोळायचे, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखालीही. स्वयंपाकापूर्वी, जेवणापूर्वी, शौचानंतर, बाळाला वा जखमेला हात लावण्यापूर्वी. या एका सवयीला उत्तेजन दिल्याने अतिसाराचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून दिसले आहे.

२५/ शेवटचा मुद्दा पाण्याचा. एप्रिल २०१६ मध्ये मराठवाड्यातील लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. जेथे पिण्यालाच घागरभर पाणी, तेथे 'हात धुवा' हा उपदेश क्रूर वाटतो. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगातील सुमारे २३० कोटी लोकांच्या घरी साबण-पाण्याने हात धुण्याची पुरेशी सोय नव्हती. त्याच वर्षी साऱ्या जगाला हात धुण्याचा आदेश मिळाला होता. पाण्यावरचा हक्क हा महाडचा प्रश्न होता, आणि रूप बदलून तो अजूनही शिल्लक आहे.

२६/ तेव्हा पुढच्या वेळी फर्दापूरहून अजिंठ्याला गेलात की, चित्रे डोळे भरून पाहाच. त्यानंतर १७ व्या लेण्याच्या बाहेर क्षणभर थांबा. ज्याने हे टाके खोदविले, त्याला आपल्या दानाच्या यादीत पाण्याचा उल्लेख विहाराच्या बरोबरीने करावासा वाटला. आणि गावात परतून जेवायला बसण्याआधी हात नीट धुवा. वाढणाऱ्याच्या हाताविषयी शंका घेण्यापूर्वी स्वतःच्या हाताविषयी घेतलेली बरी. सेमेलवाइसची मागणी एवढीच होती.

धागा समाप्त. आपल्या गावात जुने टाके, बारव वा पाणपोई असेल आणि तिच्याशी जोडलेली पाणी घेण्या-न घेण्याची आठवण वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल, तर ती प्रतिसादात जरूर लिहा. असा इतिहास शिलालेखांत सापडत नाही.